१९६७, १९६८ की १९६९? रॉक अल्बमचं खरं सुवर्णवर्ष कोणतं?

तबकडीवाला (धागाकर्ता)

मंडळी, शेजारच्या धाग्यावर गझलेच्या चालींवरून बोलता बोलता चर्चा बीटल्सवर गेली आणि एका सदस्याने लिहिलं की रॉक अल्बम जो काही व्हायचा तो बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मध्ये झाला, पुढे सगळी नक्कल. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं. अल्बम या प्रकाराचं सर्वांत मोठं वर्ष १९६८. १९६७ नाही आणि १९६९ही नाही.

तरी सुरुवात १९६७ पासूनच करावी लागते. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कवर बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. किंकाळ्यांच्या गदारोळात आपण काय वाजवतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत नसे. दौरे बंद केले, नोव्हेंबरअखेर लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत शिरले आणि पुढच्या वसंतापर्यंत तिथेच रमले. १९६३ च्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी त्यांनी एका दिवसात मुद्रित केली होती. 'सार्जंट पेपर'ला सुमारे ७०० तास लागले.

आणि हे सगळं चार ट्रॅकवर! स्टुडर जे-३७ नावाचं टेप मशीन, त्यात एक इंच रुंद टेप, टेपवर चार समांतर पट्टे. एकावर ड्रम नि बास, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर पियानो, चौथ्यावर गळा, की जागा संपली. मग ते चारही एकत्र करून दुसऱ्या मशीनच्या एक-दोन पट्ट्यांवर उतरवायचे आणि उरलेल्या पट्ट्यांवर पुढचं काम सुरू करायचं. याला रिडक्शन मिक्स म्हणत. पण एकदा उतरवलं की विषय संपला. ड्रम जरा कमी हवे होते, पियानो थोडा पुढे हवा होता, असं नंतर म्हणायची सोय नाही. शिवाय दर उतरवणीला टेपची खरखर वाढते ती वेगळीच. त्यामुळे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांचा अवघ्या एकवीस वर्षांचा इंजिनियर जेफ एमेरिक यांना शेवटी काय ऐकू यायला हवं हे मनाशी धरूनच पहिला पट्टा भरावा लागे.

'अ डे इन द लाइफ' घ्या. जानेवारी १९६७ मध्ये गाणं मुद्रित करताना मध्ये चोवीस बार (तालाचे खंड) रिकामे सोडले. तिथे काय येणार हे ठरलेलंच नव्हतं. त्यांचा सहायक मॅल एव्हान्स मोठ्याने बार मोजतो आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजतं. पुढची ओळ झोपेतून उठण्याची, म्हणून ते घड्याळ तसंच राहू दिलं. १० फेब्रुवारीला चाळीस वादक बोलावले. मार्टिननी त्यांना सांगितलं: आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून निघा, चोवीस बारांत वर चढत जा आणि शेजारी काय वाजवतोय तिकडे लक्ष देऊ नका. ज्यांनी जन्मभर शेजाऱ्याशी सूर जुळवला त्यांना हे सांगायचं! ट्रॅक पुरेनात, तर केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दोन मशीन एकाच वेगाने चालवायची युक्ती शोधली. शेवटचा ई मेजर हा स्वरमेळ २२ फेब्रुवारीला तीन पियानो आणि एक हार्मोनियम यांवर एकदम दाबला. सूर विरत गेला तसतशी इंजिनियरने माइकची पातळी चढवत नेली. हेडफोन लावून ऐका, अगदी शेवटी स्टुडिओतली खुर्ची कुरकुरलेली ऐकू येते.

इतकं सगळं मान्य करूनही मी १९६८ म्हणतो. कारण 'सार्जंट पेपर'नंतर जो तो 'सार्जंट पेपर' करायला निघाला. रोलिंग स्टोन्सनीसुद्धा डिसेंबर १९६७ मध्ये 'देअर सटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट' काढला, त्रिमितीय मुखपृष्ठासकट, आणि तो ऐकताना हे स्टोन्स आहेत यावर विश्वास बसत नाही. पुढच्या वर्षी सगळे भानावर आले. द बँडचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक', गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा 'इलेक्ट्रिक लेडीलँड', व्हॅन मॉरिसनचा 'ॲस्ट्रल वीक्स', बीटल्सचा 'व्हाइट अल्बम', किंक्सचा 'व्हिलेज ग्रीन', स्टोन्सचा 'बेगर्स बँक्वेट'. जुलै ते डिसेंबर, सहा महिन्यांत. यातला एकही दुसऱ्यासारखा वाजत नाही.

बोला.

गडगडाट

जागा धरून ठेवतो. १९६९ च्या बाजूने सविस्तर लिहिणार आहे, रात्री निवांत.

खर्ज

सुंदर धागा. वर्षाचं भांडण तुम्ही चालू ठेवा, मला एक कळकळीची विनंती करायची आहे: १९६७-६८ चे ब्रिटिश अल्बम मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेल्या रूपात, ऐका.

तेव्हा ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत मोनो प्लेअरच होते. म्हणून खरी मेहनत मोनो मिक्सवर व्हायची. 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिक्सला तीनेक आठवडे दिले, बीटल्स स्वतः बसून सूचना करत होते. स्टिरिओ मिक्स नंतर काही दिवसांत उरकलं. फरक बारीकसारीक नाही. 'शी इज लीव्हिंग होम' मोनोत जलद चालतं आणि सूरही वर लागतो. त्यामुळे ते गाणं सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचं वाटतं. स्टिरिओत तेच गाणं जड पावलांनी चालतं. 'लूसी इन द स्काय'चं उलट: मोनोत वेग कमी आणि आवाजावर ती तरंगती छटा जास्त. 'व्हाइट अल्बम'च्या मोनोत 'हेल्टर स्केल्टर' लवकर संपतं, ड्रमवाल्या रिंगोची बोटांना फोड आल्याची ती प्रसिद्ध आरोळी त्यात नाहीच.

आणि त्या काळातली स्टिरिओ मिक्स हेडफोनवर ऐकणं म्हणजे एका कानात गळा नि दुसऱ्या कानात ड्रम. चार पट्ट्यांत कोंबलेलं संगीत दोन बाजूंना वाटलं की असंच होणार. ते गाणाऱ्यांना अभिप्रेत नव्हतं.

गिरगाव_ते_फोर्ट

तबकडीवाला, १९६८ ला माझं मत. कारणही सांगतो. त्या वर्षातला एक अल्बम आपल्या मुंबईत, फोर्टात मुद्रित झाला आहे आणि धाग्यात त्याचा उल्लेखच नाही, हे मला सहन झालं नाही.

जानेवारी १९६८. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला. मुद्रण झालं सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. अडचण ही की इथे स्टिरिओ मशीनच नव्हतं. तेव्हा कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन रेल्वेने मुंबईत आणलं. हॅरिसनने हे नंतर आवर्जून सांगितलंय. म्हणजे लंडनला चार ट्रॅक अपुरे पडत होते तेव्हा इथे दोन ट्रॅकवर काम चाललं होतं. दुरुस्तीला वावच नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, वाजवायचं, जमलं तर ठेवायचं. खालच्या रस्त्यावरची वाहतूक मुद्रणात शिरायची.

आणि वादक कोण, तर आशिष खाँ सरोदवर, महापुरुष मिश्र तबल्यावर, शिवकुमार शर्मा संतूरवर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, इंद्रनील भट्टाचार्य नि शंभू दास सतारीवर, शिवाय सनई आणि तारशहनाई. पाश्चात्त्य भाग लंडनला मुद्रित झाले. 'वंडरवॉल म्युझिक' १ नोव्हेंबर १९६८ ला बाहेर आला, बीटल्सच्या स्वतःच्या ॲपल कंपनीचा पहिला अल्बम म्हणून.

त्याच बैठकांत १२ जानेवारीला 'द इनर लाइट'चा वाद्यमेळही मुंबईतच झाला. हॅरिसनने आपला आवाज फेब्रुवारीत ॲबी रोडवर चढवला आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. सुरुवातीचा तो वेगवान तुकडा, मग लय उतरते आणि बासरी गाण्याच्या ओळीला उत्तर देत राहते. ती बासरी ऐकताना मला हे लंडनचं गाणं वाटतच नाही.

तबकडीवाला

गिरगाव_ते_फोर्ट, मनापासून आभार. हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका मोलाचा आहे.

याला जोडून एक. शिवकुमार, हरिप्रसाद आणि गिटारवाले ब्रिजभूषण काबरा यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' त्याच सुमाराचा. एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या क्रमाने. दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट. लंडनमध्ये ज्याला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणत होते तेच हे. त्याचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे आपले भावगीतगायक! एचएमव्हीत कित्येक वर्षं त्यांनी हे काम केलं. पुढे हॅरिसनपासून अनेक पाश्चात्त्य कलावंत या तबकडीचे चाहते झाले. ही तबकडी मी रॉकच्या कपाटात ठेवतो.

खर्ज

लंडनच्या भारतीय वादकांचंही ऋण मान्य करूया. 'विदिन यू विदाउट यू'चा पाया १५ मार्च १९६७ ला घातला गेला. वादक लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत आलेले: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. बाकीचे बीटल्स यात वाजवतच नाहीत. १९६७ च्या वेष्टणावर या चौघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

मग मार्टिननी आठ व्हायोलिन आणि तीन चेलो आणले आणि त्यांना दिलरुब्याच्या मींडेमागे जायला लावलं. मधल्या वाद्यसंगीतात दिलरुबा एक वाक्य बोलतो आणि व्हायोलिन तेच उचलतात, तिथे मुद्दाम लक्ष द्या. पाश्चात्त्य व्हायोलिनवाले स्वरावरून स्वरावर घसरत जाताना किती बिचकत असतील, पण जमवलंय. आपल्याकडे अनेक जण हे गाणं 'बीटल्सचं कंटाळवाणं गाणं' म्हणून पुढे ढकलतात. मला ते अल्बममधलं सर्वांत धीट गाणं वाटतं.

दूरस्थ (लंडन)

मी इथे बरीच वर्षं आहे, आणि किंक्ससाठी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६८ ला आला. त्याच दिवशी 'व्हाइट अल्बम' आला! एकाच शुक्रवारी. एकाभोवती रांगा लागल्या, दुसरा खपाच्या यादीतही आला नाही. किंक्सना अमेरिकेतल्या वादकसंघटनेने १९६५ पासून तिथे कार्यक्रम करायला मज्जाव केला होता, तो १९६९ पर्यंत टिकला. बाकीचे सगळे अमेरिकेकडे डोळे लावून लिहीत होते. किंक्सचा गायक-गीतकार रे डेव्हिस मात्र गावातलं हिरवं मैदान, वाफेच्या इंजिनांतलं शेवटचं इंजिन, जुने फोटो, लहानपणीचा मित्र यांवर गाणी लिहीत बसला. १९६८ च्या रस्त्यावरच्या दंगलींच्या वर्षात! त्या वेळी कुणाला नको होतं, आज इथे त्याला प्रत्येक पिढी नव्याने शोधते.

आणि रे डेव्हिसचा मुंबईशी संबंध आहे. १९६५ च्या दौऱ्यात किंक्स मुंबईत थांबले असताना पहाटे समुद्राकडे निघालेल्या कोळ्यांचं गाणं त्याच्या कानावर पडलं. त्यातून 'सी माय फ्रेंड्स' आलं, आणि ते 'नॉर्वेजियन वूड'च्या आधीचं आहे. सतार न वाजवता गिटारवरच तो एकसुरी घुमारा धरलाय.

झॉम्बीजचा 'ओडेसी अँड ओरॅकल'ही १९६८ चाच. 'सार्जंट पेपर' संपता संपता हे ॲबी रोडवर शिरले, हाताशी हजार पौंडांचं बजेट. बीटल्सच्या लेननचा मेलोट्रॉन (टेपवर चालणारं पेटीसारखं वाद्य) स्टुडिओतच पडून होता, तो यांनी वापरला. स्टिरिओ मिक्ससाठी पैसे उरले नाहीत, ते गाणी लिहिणाऱ्या दोघांनी स्वतःच्या खिशातून भरले. अल्बम बाजारात येण्याआधीच बँड मोडला. आणि १९६९ च्या सुरुवातीला 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा ते वाजवायला बँडच अस्तित्वात नव्हता. या मुलांबद्दल मला फार वाईट वाटतं.

नवश्रोता

मी या सगळ्यात अगदी नवीन आहे. वय बावीस. घरी कुणी रॉक ऐकत नाही. मला फोनवर एका वेळी एकच गाणं ऐकायची सवय आहे. यातला पहिला अल्बम कोणता ऐकू? आणि पूर्णच ऐकला पाहिजे का?

तबकडीवाला

नवश्रोता, स्वागत! पूर्णच ऐका, हा माझा आग्रह आहे. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, मग उठून तबकडी उलटायची. पहिली बाजू कशाने संपवायची आणि दुसरी कशाने उघडायची याचा हे लोक फार विचार करत. 'सार्जंट पेपर'ची दुसरी बाजू 'विदिन यू विदाउट यू'ने उघडते, म्हणजे मधली विश्रांती गृहीत धरून. फोनवर ती विश्रांती आपणच घ्यावी.

'सार्जंट पेपर'पासून सुरू करा, खर्ज म्हणतात तसा मोनो मिळाला तर उत्तम. नंतर 'बेगर्स बँक्वेट'. मग 'व्हिलेज ग्रीन'. एकदम सगळं नको.

सहा_तारा

हेंड्रिक्सला एका ओळीत उरकल्याबद्दल तीव्र निषेध!

'आर यू एक्सपीरियन्स्ड' मे १९६७, 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' १ डिसेंबर १९६७, 'इलेक्ट्रिक लेडीलँड' ऑक्टोबर १९६८. दीड वर्षात तीन अल्बम, त्यातला शेवटचा दुहेरी. 'सार्जंट पेपर' दुकानात येऊन आठवडाभर झाला होता तेव्हा, ४ जून १९६७ ला, लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये याने त्याच्या शीर्षकगीतानेच कार्यक्रम सुरू केला. समोर बीटल्सचे मॅकार्टनी आणि हॅरिसन बसलेले!

'ॲक्सिस'चा किस्सा अनेकांना माहीत नसेल. पहिल्या बाजूची तयार मास्टर टेप हेंड्रिक्स लंडनच्या टॅक्सीत विसरला. ती पुन्हा मिळालीच नाही. निर्माता चॅस चँडलर, इंजिनियर एडी क्रेमर आणि हेंड्रिक्स यांनी रात्रभर बसून अख्खी बाजू पुन्हा मिक्स केली. 'इफ सिक्स वॉज नाइन' काही केल्या पहिल्यासारखं जमेना, तेव्हा बासवाल्या नोएल रेडिंगकडची चुरगळलेली प्रत इस्त्री करून सरळ केली आणि वापरली.

मुखपृष्ठावर विष्णूच्या विश्वरूपाचं आपल्या कॅलेंडरसारखं चित्र आणि त्यात बँडमधल्या तिघांचे चेहरे. ते हेंड्रिक्सला न विचारता झालं आणि त्याला आवडलं नव्हतं. त्याच्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं रक्त होतं, चित्र त्यावर बेतलं असतं तर बरं, असं त्याचं म्हणणं. मला त्याचं पटतं. दुसऱ्याचा देव रंगीत दिसतो म्हणून वेष्टणावर घ्यायचा, हे तेव्हा सर्रास चालायचं.

दूरस्थ

सहा_तारा, वेष्टणांचा विषय निघालाच आहे तर 'सार्जंट पेपर'च्या त्या गर्दीत योगानंद, त्यांचे गुरू युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि महावतार बाबाजी असे चौघे आहेत, हॅरिसनच्या आग्रहाने. गांधीजीही होते. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांना वाटलं, भारतात लोक दुखावतील आणि रेकॉर्ड छापायला अडचण येईल. त्यांनी गांधीजींना काढायला लावलं. म्हणजे आपल्या बाजारपेठेचा विचार लंडनमध्ये तेव्हा होत होता.

बॉब डिलनच्या 'जॉन वेस्ली हार्डिंग'वर तर बंगालचे बाउल उभे आहेत, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. २७ डिसेंबर १९६७ चा अल्बम. सगळं जग ऑर्केस्ट्रा नि उलट्या टेपांच्या मागे लागलेलं असताना डिलनने गिटार, बास, ड्रम, माउथ ऑर्गन एवढ्यावरच बहुतेक काम भागवलं. तबकडीवाला, तुमच्या १९६८ ची सुरुवात खरं तर इथे आहे.

सहा_तारा

अगदी! आणि त्याच अल्बममधलं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हेंड्रिक्सने महिन्याभरात, २१ जानेवारी १९६८ ला, लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत सुरू केलं. तिथे चार ट्रॅक. मग टेप न्यूयॉर्कच्या नव्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत नेली, बारा ट्रॅकवर. तिथे त्याने थरांवर थर चढवले. मधल्या एकलवादनाचे चार तुकडे आहेत आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा: आधी साधी गिटार, मग स्लाइड, मग वा-वा पेडल, मग कॉर्ड्स. पुन:पुन्हा घेण्याच्या या सवयीला कंटाळून चँडलरने काम सोडलं. पण 'इलेक्ट्रिक लेडीलँड' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, त्याचा एकमेव.

तांत्रिक_बाब

ट्रॅकच्या हिशेबात एक भर. चार ट्रॅक ही ब्रिटनची मर्यादा होती. न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत टॉम डाउडकडे १९५८ पासून आठ ट्रॅकचं अँपेक्स मशीन होतं. क्रीम या बँडचा 'डिझरायली गिअर्स' मे १९६७ मध्ये तिथेच काही दिवसांत उरकला. उलट डोअर्सचा पहिला अल्बम, जानेवारी १९६७, लॉस एंजेलिसला चार ट्रॅकवर. बँडमध्ये बासवादकच नाही. रे मॅन्झारेक कार्यक्रमांत डाव्या हाताने पियानो बास वाजवायचा आणि अल्बममध्ये काही गाण्यांना लॅरी नेक्टेलचा बास घेतला.

ॲबी रोडवर आठ ट्रॅक १९६८ मध्ये आले. त्याआधी 'हे ज्यूड'साठी बीटल्सना ट्रायडंट स्टुडिओत जावं लागलं, कारण तिथे आठ होते. माझं मत असं की आठ ट्रॅक आले आणि निर्णय पुढे ढकलता येऊ लागले. 'व्हाइट अल्बम'मध्ये तीस गाणी आहेत, त्यातली काही वगळायला हवी होती. जॉर्ज मार्टिन यांचंही म्हणणं एकच चांगला अल्बम करा असं होतं. म्हणून माझं मत १९६७ ला.

नगरी

नगर जिल्ह्यातून लिहितोय. 'द हू' या ब्रिटिश बँडचा 'टॉमी' विसरलात की काय सगळे?

मे १९६९. दुहेरी अल्बम, लंडनच्या आयबीसी स्टुडिओत सप्टेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा मुद्रित झालेला. पाहू, ऐकू, बोलू न शकणाऱ्या मुलाची गोष्ट. बँडचा गिटारवादक-गीतकार पीट टाउनशेंड तोवर मेहेर बाबांचा अनुयायी झाला होता. त्याला बाबांची ओळख करून दिली चित्रकार माइक मॅकइनर्नीने, आणि 'टॉमी'चं वेष्टणही त्याचंच. श्रेयनामावलीत 'अवतार: मेहेर बाबा' असं छापलंय.

बाबा पुण्यात १८९४ साली इराणी कुटुंबात जन्मले, डेक्कन कॉलेजात शिकले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं ते शेवटपर्यंत. आधी वर्णमालेच्या फळीवर बोट ठेवून, नंतर खुणांनी बोलत. ३१ जानेवारी १९६९ ला आमच्या नगरजवळ मेहेराझादला त्यांनी देह ठेवला, 'टॉमी'चं मुद्रण चालू असतानाच. समाधी अरणगावजवळ मेहेराबादला. दर वर्षी अमरतिथीला, म्हणजे पुण्यतिथीला, तिथे परदेशी माणसं येतात. त्यांतले काही जण 'टॉमी'वाटे इथवर पोचलेत, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

मौनाची ही बाजू लक्षात घेतली की 'सी मी, फील मी' वेगळंच ऐकू येतं. आवाजाच्या बाबतीत सर्वांत दांडगा बँड, आणि त्याचा सर्वांत मोठा अल्बम न बोलणाऱ्या माणसापुढे ठेवलेला. माझं मत १९६९.

गिरगाव_ते_फोर्ट

नगरी, वा! हे वाचून अंगावर काटा आला.

मुंबईचं आणखी एक. याच वर्षांत मुंबईत सिम्ला बीट स्पर्धा भरायच्या, देशभरचे बँड यायचे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या, त्यांना आज जगभर संग्राहक शोधत असतात. नंदू भेंडे याच पिढीतले, आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस या बँडमध्ये गायचे. मराठी नाटकाच्या घरातून आलेला मुलगा रॉक गातो, हे तेव्हा सोपं नव्हतं.

गडगडाट

आलो. १९६९ ची बाजू.

१२ जानेवारी: लेड झेपेलिनचा पहिला अल्बम. कंपनीशी करार होण्याआधीच स्वतःच्या पैशाने मुद्रित केला, ऑलिंपिकमध्ये साधारण ३६ तास, खर्च १७८२ पौंड. तेवढ्यात ड्रमचा तो आवाज! जॉन बॉनमच्या पायातली ताकद मायक्रोफोन दूर ठेवल्यामुळे कळते, खोलीही ऐकू येते. त्यातल्या 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये तबला आहे, विराम जसानी यांचा. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलने त्या एका वर्षात तीन अल्बम काढले, तिन्ही चांगले.

ऑक्टोबरमध्ये किंग क्रिम्सन. जानेवारीत तालमी सुरू झालेला बँड, जुलैत हाइड पार्कवर स्टोन्सच्या आधी वाजवतो आणि १० ऑक्टोबरला 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' काढतो. मेलोट्रॉन म्हणजे काय ते सांगतो: दिसायला पेटीसारखा, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा एकेक सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप चालते आणि आठेक सेकंदांत संपते. पट्टी सोडली की स्प्रिंगने मागे जाते. म्हणून वाजवणाऱ्याला सतत हात बदलत राहावं लागतं. 'एपिटाफ'मध्ये तो थरथरता, जरासा आजारी वाटणारा वाद्यवृंद येतो तो असा. वेष्टणावरचा तो किंचाळणारा चेहरा बॅरी गॉडबरचा. चार महिन्यांत तो गेला, वय चोवीस.

आणि २६ सप्टेंबरचा 'ॲबी रोड'. एकमेकांशी धड बोलत नसलेली माणसं दुसऱ्या बाजूला अर्धवट गाण्यांचे तुकडे जोडून सोळा मिनिटांची मालिका करतात. 'द एंड'मध्ये रिंगोचं एकमेव ड्रम सोलो, मग मॅकार्टनी, हॅरिसन, लेनन दोन-दोन बार आळीपाळीने गिटार वाजवतात. डोळे मिटून कोण कुठला ते ओळखता येतं. 'हर मॅजेस्टी' हा छोटा तुकडा मालिकेतून काढून फेकून दे असं मॅकार्टनीने सांगितलं होतं. पण काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओचा नियम, म्हणून जॉन कर्लँडर या तरुण टेप ऑपरेटरने तो रिळाच्या शेवटी चिकटवून ठेवला. सगळ्यांना तो तिथेच आवडला!

तांत्रिक_बाब, आठ ट्रॅकने निर्णय ढिले पडले म्हणता? हा अल्बम आठ ट्रॅकवरचाच आहे.

तांत्रिक_बाब

'ॲबी रोड'बद्दल मान्य. पण तिथे मार्टिन यांनी पूर्वीसारखं काम करायचं या अटीवरच होकार दिला होता.

तबकडीवाला

गडगडाट, फार छान लिहिलंत. तरी मी १९६८ वरच आहे. शेवटचा मुद्दा 'बेगर्स बँक्वेट'मधल्या 'स्ट्रीट फायटिंग मॅन'चा.

स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने साधी ॲकूस्टिक गिटार घेतली आणि घरगुती फिलिप्स कॅसेट रेकॉर्डरच्या बारक्या माइकपुढे इतकी जवळ वाजवली की आवाज फाटला. चार्ली वॉट्स जमिनीवर बसून सरावाच्या छोट्या ड्रमवर. ती कॅसेट स्टुडिओत नेऊन स्पीकरवर लावली आणि मोठ्या टेपवर उतरवली. पूर्ण गाण्यात इलेक्ट्रिक आहे तो फक्त बास. वर ब्रायन जोन्सची सतार आणि तंबोरा. शेवटी जे कर्कश काहीतरी ऐकू येतं ती सनई आहे, ट्रॅफिक बँडच्या डेव्ह मेसनने वाजवलेली. हाच मेसन हेंड्रिक्सच्या 'वॉचटॉवर'वर बारा तारांची गिटार वाजवतो. सनईसाठी ना गुरू, ना ध्यान, ना धूप. गोंगाटात आणखी एक आवाज हवा होता, म्हणून घेतली. १९६७ च्या सतारींपेक्षा मला ही सनई जास्त प्रामाणिक वाटते. शिकागोत ऑगस्ट १९६८ मध्ये दंगली झाल्या तेव्हा तिथल्या अनेक रेडिओ केंद्रांनी हे गाणं लावायला नकार दिला.

ॲबी रोडवर एवढं सगळं शिकून झाल्यावर सर्वांत जबरदस्त आवाज घरच्या कॅसेटमधून निघाला. तो ऐकू येण्याइतके कान १९६८ मध्ये तयार झाले होते.

खर्ज

ही सनई मी इतकी वर्षं ट्रम्पेट समजत आलोय. आता लगेच लावतो.

नवश्रोता

'सार्जंट पेपर' दोन्ही मिक्समध्ये पूर्ण ऐकला, मध्ये थांबून. 'शी इज लीव्हिंग होम' मोनोमध्ये खरंच वर लागतं, लागोपाठ लावलं की लगेच कळतं. खुर्चीसुद्धा ऐकू आली. 'विदिन यू'मधला दिलरुबा आणि व्हायोलिनचा तो भाग तीनदा मागे नेऊन ऐकला, आजीलाही ऐकवला. ती म्हणाली, तबलजी चांगला आहे.

माझं मत सध्या १९६७. 'बेगर्स बँक्वेट' उद्या ऐकणार आहे.